एसीच्या पेटीत काय निघालं

वास कसा होता ते आधी सांगते, म्हणजे नाजूक मंडळींना इथूनच परत फिरता येईल. कधी न वाळणारं ओलं पायपुसणं घ्या, त्यावर आठवडाभर विसरलेलं ताक ओता, त्यावर कुणीतरी मुतून गेलंय असं समजा, आणि ते सगळं नाकासमोर धरून मागून पंखा लावा. पंखा महत्त्वाचा. पंखा नसता तर तो वास बिचारा गाडीच्या कोपऱ्यात पडून राहिला असता. आमच्या गाडीच्या एसीतून तो कोमट होऊन, जोर लावून, थेट तोंडावर यायचा.

गाडी माझी. हे मुद्दाम सांगते, कारण घरातलं बाकी सगळं आता मुलाचं आणि सुनेचं झालंय. टीव्हीचा रिमोटसुद्धा मला मागून घ्यावा लागतो. ही लहानशी गाडी तेवढी राहिलीय. एके काळी पांढरी होती, आता सायीच्या रंगावर आलीय. सत्तरी उलटून गेली तरी दर शुक्रवारी मी ती बोरिवलीतून बाहेर काढते, कांदिवलीला धाकट्या जावेला उचलते आणि आम्ही दोघी मनाला येईल तिकडे जातो. जावेचे गुडघे गेलेत. बसमध्ये तिला चढता येत नाही, रिक्षात बसली की प्रत्येक खड्ड्याला ती रिक्षावाल्याच्या खानदानाची चौकशी करते. तेव्हा शुक्रवार म्हणजे माझी गाडी, आणि गाडी म्हणजे माझ्या पर्समधली किल्ली. त्या किल्लीवर मुलाचा डोळा कधीपासूनचा. "आई, आता पुरे झालं गं ड्रायव्हिंग," असं तो दर वाढदिवसाला केक कापायच्या आधी म्हणतो. त्याला फक्त एक सबळ कारण हवं होतं. ते माझ्या एसीनं पुरवलं.

हा एसी गाडीबरोबर आला नव्हता. तो मागाहून बसवून घेतला, आणि तो बसवून घेणारी बाई म्हणजे चाळिशीतली मी. त्या बाईचं काय वर्णन करू! अंधेरीच्या ऑफिसात टेबलाला स्वतंत्र फोन मिळाला म्हणून ती चालतानासुद्धा हनुवटी वर करून चालायची. इस्त्रीची साडी, डोळ्यांवर परातीएवढा गॉगल, आणि मानेवर पावडरीचा असा थर की घाम आला की त्यात नद्या दिसाव्यात. तिनं नवऱ्यामागे भुणभुण लावून लावून डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूला, पत्र्याच्या डब्याएवढी एसीची पेटी बसवून घेतली. शेजारी बसणाऱ्याचे गुडघे त्या पेटीवर आपटायचे. आपटू देत! एसी आहे म्हटल्यावर गुडघ्यांचं कोण बघतो?

गाडीचं इंजिन मात्र शिवणयंत्राएवढं. एसी लावला की गाडीला धाप लागायची, आणि फ्लायओव्हरच्या चढावर तर ती तोंडाला फेस आल्यासारखी थरथरायची. मग चढ आला की एसी बंद. एसी बंद, पण काचा? काचा खाली करायच्या नाहीत! बाजूच्या बसमधल्या बायकांना कळेल ना, की हिचा एसी बंद आहे. म्हणून ही शहाणी अख्ख्या फ्लायओव्हरभर काचा घट्ट लावून, उकडलेल्या रताळ्यासारखी आत बसायची, आणि वर चेहरा असा ठेवायची की जणू थंडी वाजतेय. एकदा तर तिनं खांद्यावरून पदर गुंडाळून घेतला होता. मे महिन्यात! आज ती मला भेटली तर मी तिला त्याच गाडीत, त्याच फ्लायओव्हरवर, काचा लावून कोंडून ठेवीन.

सासूबाईंनी तिला बरोबर ओळखलं होतं. त्या मालवणकडच्या. गाडीत बसल्या की पहिलं काम म्हणजे दाराचा दांडा फिरवून काच पार खाली करायची, एसी चालू असो की बंद.

"आई, थंडावा बाहेर जातो," ही शहाणी म्हणायची.

"जाव दे. माका काय पापलेट समजलंस, बर्फात घालूक?"

आणि मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी. त्या पिशवीचा वास आणि हिच्या अत्तराचा वास मिळून गाडीत जे काही तयार व्हायचं, त्यानं हिचं नाक असं मुडपलेलं असायचं की लोकांना वाटे जन्मतःच तसं आहे.

आता गंमत बघा. त्याच बाईच्या जिभेला म्हातारपणी बोंबलांशिवाय चैन पडत नाही. मे महिना आला की मी आणि जाऊ मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जातो आणि पावसाळ्याची बेगमी करतो. बोंबील, सुकट, थोडा जवळा. पूर्वी हे सगळं घरात डब्यात असायचं. जुन्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी बोंबील भाजले की शेजारीण भाकरी घेऊनच यायची. आता त्याच जागी टॉवर झालाय. लिफ्टमध्ये आरसा आहे, आणि कुणी बोंबील भाजले तर सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "काहीतरी मेलंय का?" असा मेसेज येतो. सुनेला मेसेजची भीती. बिचारी वाईट नाही. पण तिनं मला हात जोडून सांगितलं, "आई, सुकं काही घरात नको."

घरात नको. ठीक. गाडी काही घर नव्हे.

मी बेगमीची पिशवी गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खाली ठेवली. वर जुनी चादर. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं. गाडी म्हणजे काचा लावलेला मोठा डबाच, नाही का? शुक्रवारी जावेकडे गेलं की चार बोंबील काढायचे, तिच्या गॅसवर भाजायचे, लसूण-मिरची लावून खायचे, हात लिंबानं धुवायचे आणि तुळशीसारखं पवित्र तोंड करून घरी यायचं. तिची बिल्डिंग जुनीच आहे अजून, तिथे वासाला कुणी भीत नाही. एवढं होतं तर माल तिच्याकडेच का नाही ठेवला, असं विचाराल. तर जाऊ एकटी असली की हात आवरत नाही. तिच्याकडे ठेवलेले बोंबील गणपतीपर्यंत टिकले नसते.

वास पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं बोंबलांचाच असेल, म्हणून मी गप्प. मग वाढला. मग तो बोंबलांचा राहिलाच नाही. बोंबलांना स्वतःची एक इज्जत असते. आणि एका शुक्रवारी, चारकोपच्या सिग्नलला, उकडत होतं म्हणून मी एसीचा पंखा मोठा केला. थंड हवा तर कधीच येईनाशी झाली होती, गॅस केव्हाच उडून गेलेला. पण पंखा फिरायचा. त्या दिवशी तो आधी अडखळला, मग फड फड फड असा आवाज आला, आणि जाळीतून काहीतरी उडालं. जाऊ तेव्हा तिच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीबद्दल बोलत होती. म्हणजे तोंड उघडंच होतं.

"वैनी, ह्या काय गो? माझ्या तोंडात केस इले!"

"तुझेच असतील."

"माझे पांढरे आसत, हे करडे!" तिनं जिभेवरून चिमटीनं एक पुंजका काढला आणि उजेडात धरला. आखूड, करडे, चिकट केस. त्यांच्या टोकाला काहीतरी वाळलेलं होतं. आम्ही दोघींनी ते नीट बघितलं, आणि नीट बघितलं याचा आम्हाला आजही पश्चात्ताप होतो. "गाडी थांबव! थुंकूक दी माका!" सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न, आणि माझी जाऊ दार उघडून रस्त्यावर थुंकतेय, थुंकतेय, थांबेचना. त्या दिवशी बोंबील कुणी खाल्ले नाहीत.

ही गोष्ट तिनं माझ्या मुलाला फोन करून सांगितली. रंगवून.

मुलानं गाडीत डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि पार्किंगमध्ये उभ्या उभ्या फैसला केला. "आई, एसीत उंदीर मेलाय. एसी तसाही बंद आहे. मेकॅनिककडे नेऊन अख्खा एसी काढून टाकू. त्यानंही वास गेला नाही, तर रविवारी भंगारवाल्याला बोलावतो. गाडी जाईल आणि किल्ली माझ्याकडे."

"उंदीर आला कसा पण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तेच बघायचंय. काहीतरी खायला असल्याशिवाय उंदीर येत नाही."

मी लगेच डिकीकडे बघितलं नाही. म्हातारपणात एवढं तरी शिकतो माणूस. त्या संध्याकाळी चादर उचलली तर पिशवीला खालून मुठीएवढं भोक. वरचे बोंबील जागेवर, खालचे गायब. उरलेले मी जुन्या उशीच्या अभ्र्यात भरले, रिक्षा केली आणि जावेकडे पोचवले. पण गायब झालेले कुठे गेले, ते मला ठाऊक होतं. ते त्या पेटीत होते. पेटी उघडणार, बोंबील निघणार, आणि मुलगा म्हणणार, आई आता गाडीत मासे लपवायला लागली, आईचं डोकं चालत नाही. मग किल्ली नुसती जाणार नव्हती, वरून मेंदूच्या डॉक्टरची अपॉइंटमेंटही येणार होती.

मुलगा आणि मी गेलो ते गॅरेज दहिसरच्या बाजूला, एका गल्लीत. मेकॅनिक चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडात सतत बडीशेप. बॉनेट उघडल्यावर तो मजेत होता. कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचं ते जड धूड, त्यानं पट्टा सोडवून बाहेर काढलं आणि जमिनीवर आपटलं. "साहेब, एवढं वजन फुकट वाहत होता तुम्ही." मग रेडिएटरसमोरची जाळी काढली. तिच्या पापुद्र्यांत किडे, पिसं आणि मुंबईची काळी माती असा थर बसला होता की ती जाळी कसली, चिकटवही वाटत होती. पाईप निघाले. त्यांतून काळपट तेल ठिबकलं. इथवर सगळं ठीक, गॅरेजला शोभेल असं.

मग तो आत, डॅशबोर्डखाली शिरला.

"आजी, आत मच्छी मार्केट आहे का?"

"उंदीर आहे," मुलगा म्हणाला.

"उंदराचा वास मला पाठ आहे साहेब. ह्यात अजून काहीतरी आहे."

मी मुलाला म्हणाले, "अरे, चहा घेऊन ये ना कोपऱ्यावरून. बघ, याचा घसा सुकला असेल."

"मी पीत नाही," मेकॅनिक आतून म्हणाला. मेला!

"मी बघणार आहे," मुलगा म्हणाला आणि अगदी पेटीसमोर उकिडवा बसला. मी त्याच्या मागे उभी राहिले. पळून जावंसं वाटत होतं, पण बघायचंही होतं. घाणेरडं बघायची हौस मला लहानपणापासून.

पेटीचे स्क्रू गंजलेले. एकेक कुरकुरत निघाला. पेटी खाली सरकली, त्याबरोबर तिच्यातून दोन थेंब मेकॅनिकच्या गळ्यावर पडले. तो जो बाहेर आला तो थेट नळावर जाऊन थांबला. बडीशेप थुंकली, गळा धुतला, पुन्हा धुतला. मग तोंडाला फडकं बांधून परतला, पेटी गोणपाटावर ठेवली आणि झाकण उचकटलं.

आता सांगायचं म्हणजे सांगते. पंख्याच्या चाकाला उंदीर गुंडाळला गेला होता. अर्धा वाळलेला, अर्धा न वाळलेला. जो अर्धा वाळला नव्हता त्यात हालचाल होती, आणि ती उंदराची नव्हती. कूलिंग कॉइल, म्हणजे जिच्यामुळे हवा थंड व्हायची ती जाळी, लेंड्या आणि मुतानं बुजून गेलेली, वर हिरवट बुरशी. आणि तिच्या मागे घरटं. सीटमधला स्पंज, पेपर नॅपकिनच्या चिंध्या, माझ्या चादरीचे धागे, आणि त्यात रोवून ठेवल्यासारखी, तोंडं वर केलेली, बोंबलांची डोकी. तोंडं उघडी. सगळी माझ्याकडे बघत होती.

माझ्या आयुष्यात मी बाळंतपणं काढलीत, गटारं उपसलीत, नवऱ्याचे मोजे धुतलेत. पण त्या दिवशी मी रुमालाचा बोळा करून नाकात कोंबला. मला आठवली ती चाळिशीतली गॉगलवाली. ह्याच पेटीसमोर तोंड धरून बसायची. "अहाहा, काय सुखद!" म्हणायची. घे आता, घे सुख.

"आई," मुलगा वळला. त्याचा चेहरा मी ओळखते, दहावीच्या निकालाआधी मी असाच चेहरा करून त्याला विचारलं होतं. "हे बोंबील गाडीत कुठून आले?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे.

तेवढ्यात मेकॅनिकनं स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं घरटं उलटं केलं. खाली दुसरा थर होता. हाडं. उंदराची नव्हेत, चांगली जाडजूड, कोंबडीच्या तंगडीची, टोकाशी चावलेली. त्यांच्याभोवती रोल गुंडाळतात तो चंदेरी कागद, बारीक कुरतडलेला, आणि मेयोनेजच्या फाडलेल्या पुड्या. त्यातून आंबट, तेलकट, कुजका असा एक वास उठला की मेकॅनिक पुन्हा नळाकडे धावला.

"साहेब, हा उंदीर नॉनव्हेज हॉटेल चालवत होता!" तो तिथूनच ओरडला.

मी आणि जाऊ कोंबडी खात नाही, आमची दातांची अवस्था तशी राहिलेली नाही. गाडीची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे आहे. माझा मुलगा. ज्याला डॉक्टरनं तेलकट बंद केलंय, ज्याला सून रोज संध्याकाळी दुधी भोपळ्याचं सूप देते, आणि जो ते मुकाट्यानं पिऊन, "जुन्या गाडीची बॅटरी उतरते, जरा चालू करून येतो," म्हणून रोज न चुकता खाली जातो. मी कितीदा सुनेला म्हटलं होतं, माझ्या गाडीची किती काळजी करतो बघ! डोळे भरून यायचे माझे.

"अरे," मी म्हणाले, "ही हाडं कुठून आली?"

तो हाडांकडे बघत राहिला. कान लाल. पन्नाशी उलटली तरी त्याचे कान अजून तसेच लाल होतात.

"उंदीर काय, कुठून कुठून आणतात," तो म्हणाला.

"तेच म्हणते मी. बोंबीलसुद्धा."

"हो. बाजारातून वगैरे."

"मरोळहून चालत आला असेल."

मेकॅनिक आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. त्यानं गोणपाटाची चारी टोकं उचलली, पेटी, उंदीर, बोंबील, हाडं, सगळं एकत्र बांधलं आणि हात लांब धरून गल्लीच्या टोकाच्या कचरापेटीकडे निघाला. वाटेत झोपलेलं कुत्रं उठून त्याच्या मागे गेलं, आणि थोड्या वेळानं आपणहून परत आलं.

डॅशबोर्डखाली आता भोक उरलं होतं. मेकॅनिकनं तारांची टोकं टेप लावून बंद केली, उंदीर जिथून शिरला होता ती पाईपची जागा पत्रा आणि रबर लावून बुजवली, मग फिनेल ओतून आत असं घासलं की गाडी रेल्वेच्या संडासासारखी वास मारू लागली. पण तो वास ओळखीचा होता, माणसांचा होता. सगळ्या काचा खाली करून आम्ही निघालो. मुलगा चालवत होता, मी शेजारी. पेटी गेल्यामुळे त्या सीटवर माझे गुडघे सरळ होत होते. हवा तोंडावर आपटत होती, केस विस्कटत होते, घाम येत होता आणि वाळत होता.

नाल्यावरच्या पुलाशी ट्रॅफिक थांबला. पुढे कचऱ्याचा ट्रक, त्यातून काळं पाणी ठिबकतंय, खाली नाला, आणि मधे आम्ही. मुलानं नाक मुरडलं, दाराच्या दांड्याला हात घातला.

"काच लावू नकोस," मी म्हणाले. "एसी गेलाय. शिजशील."

"काय घाण आहे गं ही!"

"आहेच. पण आपली आहे का त्यात?"

त्यानं जोरात श्वास घेतला. खरंच घेतला, डोळे मिटून. मग त्याला ठसका लागला. "कळत नाहीये," तो म्हणाला.

"मग झालं तर."

पार्किंगमध्ये त्यानं गाडी लावली आणि तसाच बसून राहिला, किल्ली मुठीत. मी दार उघडलं नाही. रविवारच्या भंगारवाल्याचं काय, ते मला गाडीतच ऐकायचं होतं.

"या गाडीत यापुढे खायचं काहीही ठेवायचं नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही ठेवणार. आणि बॅटरी?"

त्यानं डॅशबोर्डखालच्या भोकाकडे बघितलं. "शुक्रवारी तू फिरवतेस तेवढं पुरतं बॅटरीला," असं म्हणून त्यानं त्याच्याकडची दुसरी किल्ली माझ्या हातावर ठेवली. किल्लीही चिकट होती. घरी जाऊन मी हात साबणानं धुतले, लिंबानं धुतले, राखेसारखी भांड्याची पावडर लावून धुतले. जेवताना घास तोंडाजवळ आला की तो वास अजून यायचा. सूप पिणाऱ्यालाही येत असावा, कारण त्या संध्याकाळी तो दुधीचं सूप दोन वेळा मागून प्यायला, आणि खाली गेला नाही. सून चकित.

शुक्रवारी जाऊ गाडीत बसण्याआधी खिडकीतून आत डोकं घालून हुंगत राहिली. मग तिनं जिथे पेटी होती तिथे काठी घालून बघितली.

"ह्या खय गेला?"

"काढून टाकलं."

"मगे गरम व्हतला."

"होईल. काच खाली कर."

ती बसली, पाय ऐसपैस पसरले, सासूबाईंसारखीच काच पार खाली केली, आणि तोंड घट्ट मिटून बसली. कांदिवलीपासून गोराईच्या खाडीपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. माझ्या गाडीत ती तोंड उघडत नाही आता.